मोनिकाच्या सणाला

वडगाव शेरी, पुणे
९ एप्रिल २०२४

प्रिय योगेशभावजी,

सप्रेम जय ख्रिस्त.

वडगाव शेरीहून हिंजवडीला पत्र, म्हणून पोस्टातल्या बाई पत्ता दोनदा वाचतील. मीही पेन उचलायच्या आधी बराच विचार केला. पण फोनवर मागून ह्यांचा आवाज आला की तुम्ही ठेवून देता, आणि मग दिवसभर आई मला विचारत राहतात, काय म्हणाला, काय म्हणाला. पत्रात मागून कुणाचा आवाज येत नाही.

ईस्टरच्या दिवशी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. आई मध्येच थांबल्या आणि ह्यांना म्हणाल्या, “संजय, माझ्या सणाला त्या दोघांना बोलाव. माझ्याशेजारी बसून मिस्सा ऐकू दे. मग मला काही मागायचं नाही.” हे बराच वेळ भात कालवत राहिले. मी वर पाहिलंच नाही. शेवटी म्हणाले, “शर्मिला लिहील. मी काही दारात आडवा उभा राहणार नाही.”

भावजी, तुम्ही नोंदणी विवाह करून कादंबरीला घेऊन आलात आणि ह्यांनी “आधी चर्चमध्ये लग्न कर, मग आत ये” म्हणून दार अडवलं, त्याला सात वर्षं झाली. त्यानंतर ह्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात मोठं वाक्य आहे. ते हातचं जाऊ नये म्हणून लगेच लिहायला बसले.

तर मोनिकाच्या सणाला या. कादंबरीला माहीत नसेल, म्हणून सांगते. आईंना सगळे सुशीलाबाई म्हणतात, पण बाप्तिस्म्यात त्यांचं नाव मोनिका ठेवलं होतं. संत मोनिका म्हणजे संत ऑगस्टिनची आई. मुलगा भलत्या वाटेला लागला आणि ती वर्षानुवर्षं रडत, प्रार्थना करत त्याच्या मागे फिरली. म्हणून आपल्याकडे आया मुलांसाठी तिच्याकडे मागणं मागतात. हे लिहून झाल्यावर वाटलं, कादंबरीला यात टोमणा तर दिसणार नाही? मला तसं मुळीच म्हणायचं नाही. मी दर रविवारी चर्चमध्ये मुलांना संतांच्या गोष्टी शिकवते, आमच्या मासिक पत्रकात सणांच्या तारखाही मीच देते, त्यामुळे या विषयावर माझा हात थांबत नाही.

सकाळी सातच्या मिस्सेला सरळ चर्चमध्येच या. तिथून सगळे मिळून घरी जाऊ. म्हणजे कुणी कुणाला दार उघडायचा प्रश्नच येणार नाही. वेळ हातात आहे, दोघांनी सुट्टी आधीच सांगून ठेवा.

एक लिहू की नको असं होतंय, पण लिहिते. आईंची आठवण अधूनमधून निसटते. डॉक्टर म्हणतात, हे वाढत जाईल. आज त्या तुम्हाला लांबून चालीवरून ओळखतील. पुढच्या वर्षाचं मला सांगता येत नाही.

आज पाडवा. कादंबरीला माझ्या शुभेच्छा सांगा.

तुमची,
शर्मिलावहिनी

•

हिंजवडी
१७ एप्रिल २०२४

वहिनी,

‘जय ख्रिस्त’ लिहायची सवय सुटली आहे, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. कादंबरीने एकदाच वाचलं आणि म्हणाली, “तुझ्या वहिनी एका वाक्यात बोलावतात आणि चार वाक्यांत माफी मागतात.” तिला तुम्ही आवडलात, असा त्याचा अर्थ आहे. ती सदाशिव पेठेतली आहे, तिच्याकडून याहून जास्त मिळत नाही.

येतो. दोघंही येतो.

गावाकडे आईच्या सणाला नव्या शेवयांची खीर असायची. मिशनच्या कंपाउंडातली सगळी पोरं वाट्या घेऊन आमच्या ओट्यावर. बाबा मास्तर, त्यामुळे पोरं रांगेत उभी. आई मला सगळ्यांत शेवटी वाढायची, म्हणायची, घरच्यांनी थांबावं. पण तळाशी उरलेली दाट खीर माझी असायची. हे मी कादंबरीला सांगितलं, तर तिने गूळ किती, दूध किती असं विचारून घेतलं आणि म्हणाली, याला आमच्याकडे खीर म्हणत नाहीत. तरी करणार आहे.

दादाला सांगा, मी काही बोलणार नाही. त्यानेही नाही बोललं तर चालेल. आईच्या एका बाजूला तो, एका बाजूला मी. बाबा गेल्यावर आम्ही असे बसलेलो नाही.

उन्हात तिला फार वेळ उभं करू नका.

योगेश

•

वडगाव शेरी, पुणे
२२ मे २०२४

प्रिय योगेशभावजी,

उत्तराला उशीर झाला. कॉलेजच्या ग्रंथालयात वर्षअखेरीची मोजदाद होती, घरी येईपर्यंत डोळे दुखायचे. हे कारण खरं आहे, पण पुरेसं आहे का, असं मीच मला विचारते.

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं होतं. “येतो” या शब्दापाशी त्यांनी मला थांबवलं आणि तो पुन्हा वाचायला लावला. मग पत्र हातात घेऊन तो शब्द कुठे आहे ते दाखव म्हणाल्या. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसलं नसेल, पण बोट बराच वेळ तिथेच होतं.

इकडे सगळं ठीक आहे. आईंचं विसरणं थोडं वाढलंय, तारखा-वारांचा गोंधळ होतो. या महिन्याच्या सुरुवातीला तर एकदा... पण ते जाऊ दे, विशेष काही नाही. ह्यांनी बैठकीच्या खोलीतला पंखा बदलला. जुना चालत होता. का बदलला ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आम्ही सगळे तुमची वाट पाहतोय.

तुमची,
शर्मिलावहिनी

•

हिंजवडी
२ जून २०२४

वहिनी,

पत्र मिळालं. वाट पाहण्याबद्दल आता काय लिहू? ते आमचंही करून झालं आहे.

पंखा बदलला हे बरं केलं. आईच्या गोळ्या चुकवू नका.

योगेश

•

वडगाव शेरी, पुणे
३० ऑगस्ट २०२४

योगेशभावजी,

रागात लिहिलेलं पत्र परत घेता येत नाही, म्हणून मधले दिवस जाऊ दिले. राग पुरता गेला आहे का, सांगता येत नाही.

मंगळवारी, २७ ला, मोनिकाचा सण झाला. आम्ही बरेच आधी जाऊन पुढचं बाक धरलं. मध्ये आई, त्यांच्या डाव्या हाताला हे, उजव्या हाताला तुमची जागा. तिथे मी माझी पर्स ठेवली होती. मिस्सा सुरू झाली. दार वाजलं की हे मागे वळून पाहायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मिस्सेत ह्यांना मागे वळताना मी कधी पाहिलं नव्हतं. प्रवचनात फादर मोनिकाबद्दल बोलले, तिच्या अश्रूंबद्दल, तेव्हाही ह्यांनी मान वळवली. कम्युनियनच्या रांगेतून परत आल्यावर मी पर्स उचलून मांडीवर घेतली.

जुलैत आईंना ताप आला होता. त्यानंतर त्या फार बदलल्या. मला ओळखतात. ह्यांना कधी ओळखतात, कधी “मास्तर” म्हणतात. त्या दिवशी चर्चच्या पायऱ्या उतरताना त्यांनी विचारलं, “आज काय होतं गं?” मी म्हटलं, तुमचा सण, आई. तर म्हणाल्या, “छे. माझा सण होऊन गेला.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, कुणी येणार नाही हे त्यांना आपल्या आधी कळलं.

घरी केक होता. तो शेजाऱ्यांना दिला. ह्यांनी नवा निळा शर्ट काढून घडी करून ठेवला आणि म्हणाले, “लिही आता त्याला.” एवढंच.

यायचं नव्हतं तर एका ओळीत कळवता आलं नसतं का? जूनमधल्या तुमच्या पत्रावरून मी ओळखायला हवं होतं, हेही खरं. सात वर्षांच्या वाट पाहण्याला तुम्ही कंटाळलात असं मी समजले, आणि कंटाळलेला माणूस तरी येईलच, असं मी धरून चालले. कादंबरीला मी दोष देत नाही. हे वाक्य लिहिल्यावर वाटलं, म्हणजे मनात कुठेतरी देत असणार.

शर्मिला

•

हिंजवडी
४ सप्टेंबर २०२४

सौ. शर्मिलावहिनी यांना नमस्कार.

पत्र योगेशच्या नावाने आलं, उत्तर मी लिहिते आहे, कारण तो लिहिणार नाही. त्याने ते वाचलं, घडी केली आणि कंपनीची बस चुकवली. बस चुकवताना मी त्याला लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

एका ओळीत कळवता आलं नसतं का, असं तुम्ही विचारता. मला जरा जास्त ओळी लागतील.

आम्ही आलो होतो. ४ मे, शनिवार. अंधारातच निघालो, कारण रस्त्यात अडकलो तर आईची मिस्सा सुरू होईल, ही याला धास्ती. फाटकावरच्या माणसाने विचारलं, कुणाचं लग्न आहे का? मी पैठणी नेसले होते, हा कडक इस्त्रीत. आत पाहतो तर जेमतेम दहा-बारा माणसं, त्यात तुमच्यापैकी कुणी नाही. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, मला ठाऊक नव्हतं. मी याच्याकडे बघून करत होते आणि हा दाराकडे बघत होता, त्यामुळे आम्ही दोघंही सगळं उशिरा करत होतो. मोनिका हे नाव एकदाही निघालं नाही. मी तसं म्हटलं तर याने सांगितलं, “आता आयांचे संत कुणाच्या लक्षात राहत नाहीत.”

नंतर मरियामातेच्या गुहेपाशी ऊन तापेपर्यंत थांबलो. मी म्हटलं, घर दहा मिनिटांवर आहे, जाऊ या. तो म्हणाला, “बोलावलं होतं चर्चमध्ये. दादाने मन बदललं असणार. त्या दारात एकदा उभा राहिलो, पुन्हा नाही.” मी आग्रह केला नाही. तुमच्या घरातलं मला फक्त पायपुसणं माहीत आहे. तपकिरी होतं. त्याच्या पुढे आम्हाला कुणी नेलं नाही.

खिरीचा डबा जसाच्या तसा हिंजवडीला परत आला. याने तो एकट्याने संपवला, तळाशी दाट उरते तीसुद्धा. मला विचारलंही नाही.

आणि मग मेअखेरीस तुमचं पत्र, “आम्ही सगळे तुमची वाट पाहतोय.” पाहुणा येऊन परत गेल्यावर त्याची वाट पाहायची, हे मी आमच्या पेठेतही ऐकलं नव्हतं.

आता तुम्ही ऑगस्ट म्हणता. हाच मला सांगायचा की तुमचे सण आपल्या जागी पक्के असतात. आमचा गणपती गेल्या वर्षी १९ सप्टेंबरला होता, यंदा सातलाच बसतोय. आम्हाला दरवर्षी कॅलेंडर बघावं लागतं. तुमच्या पहिल्या पत्रात तारीख नव्हती म्हणून मी विचारलं होतं, नक्की कधी? हा हसला. म्हणाला, “आईच्या सणाची तारीख मला विचारतेस? ४ मे. त्या दिवसाची खीर खाऊन मोठा झालोय.”

याची आई एकच आहे ना? मग तिला सण दोन कसे, एवढं कळवावं.

कादंबरी

ता.क. रागाने लिहिलं आहे. पण यात खोटं काही नाही.

•

वडगाव शेरी, पुणे
११ सप्टेंबर २०२४

प्रिय योगेशभावजी आणि कादंबरी,

कादंबरी, तुझं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचायला घेतलं आणि ४ मे या तारखेपाशी मला बसावं लागलं. तुला ‘तू’ म्हणते आहे. चालणार नसेल तर सांग.

संध्याकाळी फादरांकडे गेले. मोनिकाचा सण कधी चार मेला होता का, असं विचारलं. ते म्हणाले, “होता की. पूर्वी तोच होता. मी लहान असताना रोमहून कॅलेंडर बदललं. ऑगस्टिनचा सण २८ ऑगस्टला, म्हणून त्याच्या आईला आदल्या दिवसावर आणलं. मायलेकरं जवळ असावीत म्हणून.” हे त्यांनी सहज सांगितलं. मी आभार मानून बाहेर आले आणि मरियामातेच्या गुहेपाशी, तुम्ही थांबला होता तिथे, बराच वेळ उभी राहिले.

सण दोन नाहीत, कादंबरी. सण एकच, तो आईंचा. दुसरा मी आणला. गावाकडच्या म्हाताऱ्या फादरांनी आईंना लहानपणी जी तारीख सांगितली, ती त्यांनी जन्मभर पाळली. लग्नानंतर आम्ही गावी जायचो ते नाताळात, त्यामुळे मेमधली ती खीर मी कधी पाहिलीच नाही. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे आल्या. पहिल्याच वर्षी मी कॅलेंडर बघून २७ ऑगस्टला केक आणला. आई केककडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “असं होय? तू शिकलेली आहेस.” मी ते कौतुक समजले. त्यानंतर दर ऑगस्टला केक, आणि दर ऑगस्टला त्यांनी तो आनंदाने कापला. भावजी, तुम्ही बंगळूरला होता तेव्हा मेच्या सुरुवातीला आठवणीने फोन करायचात. त्या दिवशी त्या गुणगुणत असायच्या. मला वाटायचं, मुलाचा फोन आला म्हणून. तुम्हीही कधी फोनवर ‘सण’ म्हणाला असाल, त्याही म्हणाल्या असतील. मी खोलीत असूनही ऐकलं नाही.

आता मेच्या पत्रात अर्धवट सोडलं होतं ते.

त्या शनिवारी सकाळी आई न्हाऊन, हिरव्या काठाचं पातळ नेसून, जपमाळ घेऊन दाराशी बसल्या होत्या. शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवली होती. मला म्हणाल्या, “चल, चर्चला. आज माझा सण. धाकटा येऊन थांबला असेल.” मी म्हटलं, सण ऑगस्टमध्ये आहे, अजून खूप वेळ आहे. त्या म्हणाल्या, “आज आहे.” मी मोबाईलवर तारीख काढून त्यांच्यापुढे धरली. त्या ऐकेनात तेव्हा माझा आवाज चढला. मी पातळ बदलायला लावलं आणि खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.

तेव्हा तुम्ही दहा मिनिटांवर होता.

पत्रात हे लिहिलं नाही, कारण आई भ्रमिष्ट झाली असं वाचून तुम्ही खचाल असं मला वाटलं. तेवढंच कारण होतं का? मी आवाज चढवला हे तुम्हाला कळू नये, हेही असणार. माझ्या रोजनिशीत त्या तारखेला “आईंना आज बरं नव्हतं” एवढंच लिहिलेलं आहे. त्यांना चांगलं बरं होतं. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांपेक्षा त्याच भानावर होत्या.

तुम्ही एप्रिलच्या पत्रात उन्हाचं लिहिलं होतं. ऑगस्टात कसलं ऊन, असं माझ्या मनात आलंही होतं. नव्या शेवया ऑगस्टात कुठून येतील, हे मात्र मनात आलं नाही. आणि २८ ला तुमचा सण, आईंनी बाप्तिस्म्यात तुमचं नाव ऑगस्टिन ठेवलेलं, म्हणून तुम्हा दोघांना त्या रात्री ठेवून घ्यायचं मी ठरवलं होतं. गंमत म्हणून ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्हीच विचारलं असतं, वहिनी, २८ चं काय?

ह्यांना विचारलं, आईंची जुनी तारीख तुम्हाला ठाऊक होती? “होती,” म्हणाले. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर म्हणाले, “तू एवढ्या हौसेने करायचीस. आई गप्प, म्हणून मी गप्प.” त्या शनिवारी ते पहिल्या पाळीला कारखान्यात होते. तिथे त्यांना आठवलं असेल का, की आज चार मे आहे आणि योगेशला हीच तारीख माहीत आहे? हा प्रश्न ओठांपर्यंत आला आणि मी तो विचारला नाही. भीती कसली वाटली, ते मला नीट सांगता येत नाही. २७ ला ते दर वेळी दाराकडे वळून पाहत होते, ते खरं होतं. एवढं मी धरून ठेवलं आहे.

माफी मागण्यासाठी हे लिहीत नाही. मागितली तर तुम्हाला ती द्यावी लागेल, आणि ते ओझं पुन्हा तुमच्यावरच.

गणपती उठले की या. सणावर ठेवू नका, एखाद्या साध्या दिवशी या. मात्र लवकर या. आई अजून दाराशी बसतात. आता दुसरी खुर्ची मी हलवत नाही.

कादंबरी, पायपुसणं बदललंय. ते पाहायला थांबू नकोस, सरळ आत ये.

तुमची,
शर्मिलावहिनी

•

हिंजवडी
२३ सप्टेंबर २०२४

वहिनी,

काल तुम्ही चहा घेऊन बाहेर आलात तेव्हा मी बूट घालत होतो. कादंबरीने कप उचलला, मी उचलला नाही. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही त्याचा अर्थ लावत बसला असाल, म्हणून लगेच लिहितो. आता फोन करायला हरकत नाही, पण हे मला फोनवर बोलता येणार नाही.

दादाने दार उघडलं. माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं, खुंटीला अडकवलं, “दूध आणतो,” म्हणाला आणि खाली गेला. कादंबरी सांगते की ओट्यावर दुधाच्या दोन पिशव्या होत्या. असू देत. हेल्मेट त्याने स्वतःच्या हाताने घेतलं.

तुम्ही कादंबरीला घर दाखवायला आत नेलंत, तेव्हा खोलीत मी आणि आई दोघंच राहिलो. मी तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसायला गेलो तर तिने खुर्चीवर हात ठेवला.

“ही नका घेऊ. धाकट्याची आहे.”

मी खाली बसलो. विचारलं, कधी येणार आहे तो?

“माझ्या सणाला. खीर केली आहे त्याच्यासाठी.”

मी नाव सांगितलं. आधी योगेश, मग ऑगस्टिन. ऑगस्टिनपाशी ती थांबली. मला वाटलं, आता. पण तिने वाकून माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, चांगलं नाव आहे म्हणाली, आणि जपमाळेचे मणी पुढे सरकवले. तिचा हात कॉलरला लागला होता, तेवढ्यावर मी थांबलो होतो.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, “तुमची आई आहे का?”

आहे, म्हटलं.

“कुठं असते?”

इथंच, पुण्यात.

“मग इथं काय बसलात?” ती म्हणाली. “वाट बघत असंल ती. उठा. जा तिच्याकडं.”

शाळेला उशीर झाला की ज्या आवाजात ती मला घराबाहेर काढायची, तोच आवाज होता. तो आवाज तसाच राहिला आहे, वहिनी. थांबलो असतो तर ती रागावली असती. म्हणून उठलो, आणि तुम्ही चहा घेऊन आलात.

तुमच्यावर राग नाही. कुणावर आहे ते शोधत होतो, अजून सापडलेलं नाही.

येत्या रविवारी पुन्हा येतो. खुर्ची हलवू नका. मी खाली बसेन.

योगेश